दान सांगणारी

२६ जून

ही डायरी धम्मशीलाने दिली. तिला ती औषधवाल्या दुकानदाराने फुकट दिली होती, तिने माझ्या गळ्यात मारली. म्हणे, आई, आजीची शुगर, गोळ्या अन् डोळ्यातले थेंब रोज यात लिहीत जा, तुझ्या ध्यानात राहत नाही. लेक मलकापूरला दवाखान्यात नर्स आहे, म्हणून घरी आली तरी नर्सच. मी चौथी शिकलेली बाई. चौथीनंतर निंदण, कापूस अन् लग्न. तरी लिहिते. थेंब टाकले, सकाळी अन् संध्याकाळी. झालं लिहून.

पान बरंच उरलं. पेरणीत तासाची एखादी ओळ रिकामी राहिली की मला चैन पडत नाही, तसंच या पानाचं झालं. म्हणून पुढचं.

आजी म्हणजे माझी सासू, सरस्वतीबाई. मी आत्याबाई म्हणते. एक डोळा काचबिंदूने कधीचाच गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला आहे, उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. या बाईने जन्मभर विहारात वर्षावासाचं वाचन केलं. पावसाळाभर रोज संध्याकाळी ती वाचायची अन् सारा मोहल्ला ऐकायचा. यंदा कोण वाचणार कोणास ठाऊक. आता दिवसभर ओट्यावर बसून माझ्या कामाचे आवाज ऐकते. "सिंधू, भाकर करपून राह्यली." "सिंधू, नळ टपकून राह्यला." दिसत नाही तर ही गत. दिसत होतं तेव्हाचं तर लिहायलाच नको.

२ जुलै

झड लागली आहे, थांबायचं नाव नाही. निंदण बंद. कचरू (नवरा माझा. नाव लिहायला कसली लाज?) अ‍ॅपे घेऊन मोताळ्याला जातो, सवारी मिळाली तर ठीक, नाही तर स्टँडवर चहा पीत बसतो. घरात मी अन् आत्याबाई.

दुपारी म्हणाल्या, "सिंधू, डाव मांड."

"तुमाले दिसत नाही, डाव काय मांडता?"

"बोटाले दिसते मह्या."

ते खरं आहे. ओट्याच्या फरशीवर मामंजींनी छन्नीने अष्टाचंगा कोरून ठेवला आहे. मामंजी गेले, डाव राहिला. पाच उभी पाच आडवी घरं. चारी बाजूंच्या मधल्या घरावर फुली, अन् अगदी मधोमध एक फुली. बाजूची फुली म्हणजे आपलं घर, तिथून चार सोंगट्या काढायच्या. आधी बाहेरची फेरी, मग आतली फेरी, मग मधलं घर. ज्याच्या चारी आधी मधल्या घरात तो जिंकला. धम्मशीलाच्या मोबाइलातला लुडो याचाच नातू. फुलीवर बसलेल्याला मारता येत नाही. बाकी कुठेही गाठलं की मारायचं, अन् मेला तो परत पहिल्यापासून. सगळ्यात खडूस नियम हा, की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरायला मिळत नाही. फिरत राहा बाहेर बाहेर.

दान चिंचोक्यांचं. चिंचोके मधून फोडायचे, एक अंग काळं, एक पांढरं. चार फाका खुळखुळवून टाकायच्या. पांढऱ्या जितक्या वर तितकी घरं चालायचं. चारी पांढऱ्या म्हणजे चंगा, चार. चारी काळ्या म्हणजे अष्टा, आठ. चंगा नाही तर अष्टा पडला की पुन्हा टाकायला मिळतं. समोरच्याला मारलं तरी मिळतं.

आत्याबाईंच्या सोंगट्या बांगड्यांचे तुकडे, माझे खडे. घरं कोरलेली, म्हणून त्या बोटाने मोजून आपली आपण चालतात. पण पडलेल्या दानाला हात लावायचा नाही, हात लागला की दान बाद, हा नियम त्यांचाच. मी नवी नवरी असताना याच नियमावरून मला रडवलं होतं. म्हणून दान मी सांगायचं. त्यांचंही अन् माझंही.

त्याच जिंकल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच जिंकतात. वर मी कुठे चुकले तेही सांगतात. आज आंधळेपणीही सांगितलं.

थेंब टाकले.

९ जुलै

आज एक गोष्ट झाली. छोटीशीच आहे, पण लिहून टाकते.

सकाळी धम्मशीलाचा फोन आला होता, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ म्हणून. दुपारी डाव लांबला होता. सरपण ओलं, चूल धरत नव्हती, कणीक मळायची होती, माझ्या सिरियलची वेळ झाली होती. आत्याबाईंनी दान टाकलं. चारी काळ्या. अष्टा. आठ घरांनी माझा खडा मरत होता, वर त्यांना पुन्हा टाकायला मिळालं असतं, म्हणजे आणखी तासभर.

मी म्हटलं, "तीन."

ठरवून नाही म्हटलं. निघून गेलं तोंडातून. त्यांनी तीन घरं मोजली अन् तुकडा ठेवला. मग डाव माझ्याकडे फिरला अन् मी जिंकले. पहिल्यांदाच.

त्या म्हणाल्या, "बरं खेळली वं आज."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पोळ्या लाटताना गाणं म्हणत होते.

शुगर पाहायची राहिली.

१४ जुलै

धम्मशीला आली होती. बुलढाण्याला डोळ्यांचं शिबिर आहे पुढच्या महिन्यात. मोताळ्यापर्यंत त्यांची गाडी येते. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू फार पिकला, आता केलं नाही तर आत दाब चढेल अन् हाही डोळा जाईल, मग कोणी काही करू शकणार नाही. एकच डोळा उरला आहे.

आत्याबाई म्हणाल्या, "एक गेला, त्या वक्ती बी डॉक्टर असंच बोलला होता. पाहू."

"पाहू काय, आजी? दिसत नाही म्हणून तं जाचं आहे."

"पाहू म्हटलं ना."

लेक गेली अन् म्हातारीने लगेच हाक मारली, "सिंधू, डाव मांड." डोळ्याचं विचारलं की डाव सुचतो. पार लेकरासारखी झाली आहे.

खेळले. आजही मध्ये दोनदा दान फिरवून सांगितलं. लवकर आटपलं. त्यांची एकही सोंगटी आत शिरली नाही, मारायलाच मिळालं नाही तर शिरणार कशी? बांगड्यांचे तुकडे बाहेर बाहेर फिरत राहिले. डाव संपल्यावर त्या बराच वेळ तुकडे मुठीत धरून बसल्या.

२१ जुलै, पौर्णिमा

वर्षावास बसला. आत्याबाईंना हात धरून विहारात नेलं. पंचशील झालं. सगळ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं, पण "मुसावादा वेरमणी" आलं अन् माझा आवाज बसला. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. मी नुसते ओठ हलवले. शेजारी आत्याबाई. त्यांचा आवाज अजून खणखणीत.

खेळातलं खोटं काय खोटं असतं का? नवरे बायकोशी किती खोटं बोलतात, ते चालतं.

यंदा अश्वजित वाचतो, कॉलेजातला पोरगा. स्टँडवर गाड्या पुकारतात तसं वाचतो, कुठे थांबायचं ते माहीत नाही. तो अडखळला की आत्याबाईंचे ओठ आधीच पुढे गेलेले असायचे. त्यांना पाठ आहे. घरी आल्यावर म्हणाल्या, "सिंधू, उद्या डाव मांडू."

३० जुलै

भांडण झालं.

दुपारी डाव झाला. मी जिंकले. (सांगितलं तसं. पुन्हा पुन्हा काय लिहायचं.) त्यांनी तुकडे डबीत भरले अन् शांतपणे म्हणाल्या, "धम्मशीलाले फोन लाव. नाई म्हणून सांग. मी आपरेशनले जात नाई."

मी भडकले. "खेळाले हात चालते, आन दवाखान्यात जाले पाय नाही तुमाले? उद्या पुरा अंधार झाल्यावर कोन बसन तुमच्यापाशी? मले दुसरे धंदे नाहीत काय?"

"तुले कोन बस म्हटलं?"

"मंग डाव कोन मांडते तुमचा?"

डबीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाल्या, "मह्या हातात आता दानच नाही राह्यलं वं."

या बोलण्याचा अर्थ काय? डोळ्याचा अन् दानाचा काय संबंध? म्हातारपणी डोकं फिरतं, दुसरं काही नाही. फोन लावला. धम्मशीला म्हणाली, शिबिराच्या यादीतून आजीचं नाव काढत नाही मी, राहू दे तसंच.

७ ऑगस्ट

आज सुगराबी आली डाव खेळायला. दोन घरं सोडून राहते, बांगड्यांचं दुकान होतं तिच्या घरी, आता पोरगा मोबाइलचं चालवतो. आत्याबाईंची जुनी मैत्रीण. हे बांगड्यांचे तुकडेही तिच्याच दुकानातले. ती फुटाण्यांच्या सोंगट्या करते, अन् मेली की खाऊन टाकते. "शहीद झाला बिचारा," म्हणते अन् तोंडात टाकते. डाव संपेस्तोवर अर्धी पुडी संपते.

दान मीच सांगत होते. आत्याबाईंनी टाकलं, चारी पांढऱ्या. सवयीने मी म्हटलं, "दोन." म्हटलं अन् मान वर केली, तर सुगराबी माझ्याकडे पाहत होती. फुटाणा तिच्या बोटात तसाच. आपलं दान टाकलं अन् खेळली.

निघताना मला हाताला धरून गल्लीत नेलं.

"काऊन वं सिंधू, चंगा था वो."

"कोनता?"

"मले नको शिकवू. चारी पांढरे होते. तू दोन म्हणली."

"खेळ आहे, सुगराबी. लवकर आटपाचा होता, भांडे पडले आहेत घासाचे."

"आंधळ्याच्या ताटातली बोटी उचलून खाल्ली तू. तोंडावर बोलली असती तं तुही इज्जत गेली असती, म्हून चूप राह्यली." मग आवाज खाली करून म्हणाली, "तुले मालूम बी आहे का, सरसबाईनं काय लावलं आहे या डावावर?"

"काय लावन? चहा बी लावला नाही कदी."

"डोळा लावला आहे."

मला आणखी जवळ ओढून तीच पुढे म्हणाली,

"एक सोंगटी, फक्त एक, मधल्या घरात गेली तं आपरेशनले जाईन, असं मनात धरलं तिनं. नाही गेली तं समजाचं का हा डोळा बी जाणारच आहे. कवापासून खेळून राह्यली, एकही जात नाही. मले कसम घातली होती, सिंधूले सांगू नको. तुमच्यात कौल-बिल चालत नाही ना. विहारात साऱ्यायले सांगत आली, आता खुदच करून राह्यली. शरम वाटते तिले."

"मंग तुमी काऊन सांगतलं?"

"अल्लाशी मी पाहून घेईन. तू तुह्या घरात पाय."

भांडी तशीच राहिली.

८ ऑगस्ट

काही सुचत नाही. शेतात गेले, निंदताना तणाऐवजी सोयाबीनचं रोपटं उपटलं. मालकीण ओरडली. बरं झालं ओरडली.

त्या दिवशी त्यांना अष्टा पडला होता. माझा खडा मेला असता, त्या आत शिरल्या असत्या. कदाचित त्याच दिवशी एक सोंगटी मधल्या घरात गेली असती अन् आज आम्ही बुलढाण्याची तयारी करत असतो. कणकेसाठी मी ते केलं. सिरियलसाठी. त्या सिरियलमधलं त्या दिवशी काय झालं तेही आता आठवत नाही.

सांगून टाकावं तर सुगराबीची कसम उघडी पडते. अन् सुनेला आपला कौल कळला हे समजल्यावर आत्याबाई तोंड कुठे लपवतील? एकच रस्ता दिसतो. जसं खोटं बोलून बाहेर ठेवलं, तसंच खोटं बोलून आत न्यायचं.

११ ऑगस्ट

नाही जमलं. लिहायलाही हात होत नाही.

मीच म्हटलं, "आत्याबाई, डाव मांडू काय?" त्या नाही म्हणाल्या. मी हट्ट धरला. बसल्या.

मी त्यांना अष्टा दिला. मग चंगा. मग पुन्हा अष्टा. माझा खडा मारवून घेतला, त्यांच्या बोटाखाली आणून दिला म्हटलं तरी चालेल. पहिल्यांदा चेहरा उजळला. "अगं माय," म्हणाल्या, "आज चिंचोके आयकून राह्यले!" तुकडा आतल्या फेरीत आला. मला वाटलं, जमलं. दोन दानांचं काम आहे, अन् मग पिशवी भरायची.

पण मला थांबता येत नाही. कोणतंच काम मला बेताने करता येत नाही. पुढचं दान पडलं अन् ते नीट थांबायच्या आधी मी म्हटलं, "अष्टा!"

त्यांनी तुकडा उचलला नाही. हात पुढे केला अन् चिंचोक्यांवर ठेवला. पडलेल्या दानावर. जन्मात पहिल्यांदा. एकेक फाक अंगठ्याने चाचपली. पांढरं अंग खरबरीत असतं, काळं गुळगुळीत.

"तीन पांढरे आहेत," त्या म्हणाल्या. "तू अष्टा म्हणली ना?"

मी माझे खडे गोळा करू लागले.

"हात लागला. दान बाद." आवाज अगदी साधा. मग, "सिंधू, आन ते आधीचे? झडीतले?"

मी म्हटलं, "दूध उतू चाललं," अन् आत पळाले. चुलीवर दूध नव्हतं. चूलच पेटलेली नव्हती. मी रिकाम्या चुलीपुढे बसून राहिले. त्यांना ऐकू येतं सगळं, दूध नव्हतं हेही ऐकू आलंच असणार.

१५ ऑगस्ट

बोलत नाहीत. थेंब टाकते तेव्हा मान वर करतात, झालं की खाली. डाव मांड म्हणत नाहीत. डबी सुगराबीकडे पाठवून दिली. सुगराबीने परत आणली, माझ्या हातात ठेवली अन् गेली.

आज भाकर खरंच करपली. साऱ्या घरात धूर. ओट्यावरून आवाज आला नाही. कचरूने विचारलं, "मायले काय झालं वं?" मी म्हटलं, मला काय विचारतो.

शुगर वाढली आहे.

१९ ऑगस्ट

सांगितलं आज. थेंब टाकल्यावर डोळा मिटून पडून राहायचं असतं, उठून जाता येत नाही. तेवढ्यात बोलून टाकलं.

"आत्याबाई, मी खोटं दान सांगत होती. झडीपासून. घाई होती म्हून. सैपाक राहे, सिरियल राहे."

डोळा मिटलेलाच. थेंबाचं पाणी कानाकडे ओघळत होतं, थेंबाचंच असेल.

"सुगरानं सांगतलं ना तुले? डोळ्याचं?"

"हाव."

"मले वाटलंच." पदराने कानाकडचं पाणी पुसलं. मग म्हणाल्या, "तुह्या खोट्याचा राग येऊन गेला मले. मी ते खरं मानलं, त्याची लाज जात नाही. जिंदगीभर लोकायले सांगतलं, कौल लावू नका, अक्कल लावा. आन मह्यावर आलं तं मी डोळा चार चिंचोक्यायच्या हवाली केला. तूच सांग, दोघीतली जास्त येडी कोन?"

मी म्हटलं, "मी."

तर म्हणे, "इथं बी तुलेच जिंकाचं आहे."

हसल्या थोड्या. मीही हसले. पण आता सारं आटपून लिहायला बसले तर ते हसू राहिलं नाही. कारण घाई नव्हती. ते मी त्यांना खोटं सांगितलं, अन् पदर पसरून माफी मागतानाही खोटंच सांगितलं. घाई पहिल्या दिवशी होती. पुढे घाई कसली? पाऊस पडत होता, काम नव्हतं. मला जिंकायचं होतं. इतकी वर्षं ही बाई जिंकत आली अन् मी कुठे चुकले ते सांगत आली. तिला दिसेनासं झालं तेव्हा मला संधी सापडली. एवढंच आहे ते.

हे त्यांना नाही सांगितलं. इथे लिहिलं, पण लिहून काय होतं?

२२ ऑगस्ट

आज शिबिराची गाडी मोताळ्याहून निघणार होती. कचरू सकाळीच सवाऱ्या पाहायला गेला, म्हणाला, जाताना घरावरून येतो, माय निघाली तर निघाली. आत्याबाईंनी काही सांगितलं नव्हतं. हो नाही, ना नाही.

चहा झाला अन् म्हणाल्या, "सिंधू, डाव मांड."

म्हणजे कौल अजून चालूच. "आत्याबाई, आज नको."

"मांड. दान तू सांग."

"तुमी हात लावून पाहा ना. मह्यावर कायले ठेवता?"

"दानाले हात लावाचा नाही. तू सांग."

तो डाव मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक दान मी वाकून पाहिलं, फिरून पाहिलं, मग बोलले तर बोलले, अशी जीभ जड. एक. तीन. एक. दोन. खरं दान इतकं दरिद्री असतं हे मला तेव्हा कळलं. त्यांनी आज एकच तुकडा मांडला होता, तो बाहेरच फिरत होता. मी मनात म्हणत होते, पड ना बाई, एक अष्टा पड. पडला नाही. पडला नाही ते तसंच सांगितलं.

मग माझा पुढचा खडा त्यांच्या तुकड्यापुढे दोन घरांवर उघडा आला. त्यांनी टाकलं. दोन पांढऱ्या, दोन काळ्या. आता ऐका, आता तर त्यांचं भलं होतं त्यात, तरी जिभेवर आधी "तीन" आलं. सवय अशी असते. मी ओठ दाबले.

"दोन," म्हटलं.

त्यांनी घरं मोजली. बोट माझ्या खड्यावर थांबलं. उचलून माझ्या हातात दिला. "मेला," म्हणाल्या.

त्या आत शिरल्या. आतली फेरी घरंगळत चालल्या, एक, तीन, दोन. मधल्या घराला एकच घर उरलं. आता नेमका एक पडायला हवा, तितक्यात गल्लीत अ‍ॅपेचा भोंगा.

आत्याबाई उठल्या. "मही पिशवी आन. पेटीच्या मागं आहे."

पिशवी भरलेली होती. दोन लुगडी, चादर, गोळ्या, आधारकार्ड रुमालात बांधलेलं. केव्हा भरली?

"आन डाव? एकच घर राह्यलं, आत्याबाई. टाका ना एक दान, कचरू थांबते."

"राहू दे तसाच. आल्यावर पाहू." पदर नीट केला. "कोंबड्या येऊ देऊ नको त्याच्यावर."

गाडीत बसल्या अन् गेल्या. बुलढाण्याला धम्मशीला थांबणार आहे त्यांच्यापाशी.

मी डावावर टोपलं झाकलं, वर दगड ठेवला.

२३ ऑगस्ट

फोन आला. झालं ऑपरेशन. पट्टी उद्या काढतील.

दुपारी टोपलं उचलून पाहिलं. हिरवा तुकडा मधल्या घराआधी एका घरावर उभा. बोटभर अंतर. घरात कोणी नव्हतं. एक घर सरकवलं असतं तर कोणाला कळणार होतं? आता तर कौलही नाही, कोणाचं नुकसानही नाही.

टोपलं परत झाकलं. एवढंच लिहिण्यासारखं काम आज केलं.

सुगराबी येऊन गेली. म्हणाली, "मी मह्या कोंबड्यायले ताकीद दिली आहे."

२५ ऑगस्ट

आल्या. काळा चश्मा. दिसतं. ओट्यावर चढताना थांबल्या अन् म्हणाल्या, "भिंतीले चुना लावाचा आहे की नाही औंदा?" म्हणजे दिसतं.

डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. डाव वाकल्याशिवाय खेळता येत नाही, म्हणून टोपलं तसंच. थेंब आता वेगळे, जास्त वेळा. लिहीत जाईन.

१४ सप्टेंबर

काल विहारात अश्वजितने पुस्तक आत्याबाईंपुढे ठेवलं. नंबरचा चश्मा अजून यायचा आहे, म्हणून अर्धं पाहून अर्धं पाठ असं वाचलं. कुठे थांबायचं ते त्यांना माहीत आहे. मी मागे बायकांत बसले होते. पंचशिलात माझा आवाज आजही बारीकच निघाला.

घरी येताना मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "सोड, दिसते रस्ता." मग थोडं चालून स्वतःच धरला.

२९ सप्टेंबर

डॉक्टरने वाकायला परवानगी दिली. चश्माही आला. सकाळी मी चहा करत होते तर ओट्यावरून दगड उचलल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर टोपलं बाजूला, अन् त्या डावापुढे बसलेल्या. नव्या चश्म्यातून फरशीवरच्या रेषा पाहत होत्या. मामंजींनी एक घर तिरपं कोरलं आहे म्हणाल्या, इतकी वर्षं कळलं नव्हतं.

"बस. महं दान आहे."

बसले. हात धुवायचं राहिलं, पीठ तसंच बोटांना.

त्यांनी चिंचोके खुळखुळवले अन् टाकले. फरशीवर स्वच्छ ऊन होतं. कोणालाही दिसलं असतं, आंधळ्यालाही दिसलं असतं इतकं ऊन. मी वाट पाहत राहिले की त्या तुकडा हलवतील.

"सांग," त्या म्हणाल्या.

"आता तुमाले दिसते, आत्याबाई."

"तू सांग, किती पडले."

मी वाकले. तीन पांढऱ्या, एक काळी. हवा होता एक. पुन्हा पाहिलं. फिरून नाही पाहिलं, एकदाच पुरलं.

"तीन. तुमच्या कामाचे नाहीत."

त्यांनी चिंचोके गोळा करून माझ्या हातात दिले. तुकडा होता तिथेच ठेवला. अन् तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दान पडल्यापासून त्यांनी एकदाही खाली पाहिलं नव्हतं. चश्म्यातून माझ्याच तोंडाकडे पाहत होत्या. मला खाली पाहावं लागलं. बोटाचं पीठ पदराला पुसत राहिले.

म्हटलं, "दान खाली आहे, इकडं काय पाहता?"

"दिसते मले," त्या म्हणाल्या. "टाक आता तुह्यं."